सरस्वतीच्या दरबारी सोवळे-ओवळे

मध्ययुगीन स्त्रियांच्या वाङ्मयाचा विषय निघाला की आपल्याकडच्या व्याख्यानांना आणि विशेषांकांना एक ठरलेली वाट आहे. महदंबेपासून आरंभ करावा, मुक्ताबाई-जनाबाईंपाशी विसावा घ्यावा, कान्होपात्रेसाठी एक उसासा टाकावा, बहिणाबाई आणि वेणाबाई यांच्या उल्लेखाने समारोप करावा, आणि ‘अशी ही आपली थोर परंपरा’ म्हणून टाळ्या घ्याव्यात. ही परंपरा थोर आहे याविषयी आमचे दुमत नाही. आमचे भांडण आहे ते या वाटेच्या दोन्ही बाजूंना घातलेल्या कुंपणाशी. त्या कुंपणापलीकडे राजदरबारांत बसून लिहिणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांनी महाकाव्ये रचली, चंपू रचले, शृंगारप्रबंध लिहिले, यक्षगाने आणि गझला लिहिल्या. त्यांच्यातील सर्वांत धीट कवयित्री तर भोसल्यांच्याच राज्यात, तंजावरास, लिहीत होती. आणि तरीही आपल्या चर्चासत्रांतून तिचे नाव निघत नाही. निघालेच तर आवाज खाली करून निघते.

हा विसर साधा नाही. तो निवडून केलेला आहे, आणि या निवडीमागची कारणे सभ्य भाषेत मांडली जातात म्हणून ती तपासून पाहण्याची गरज अधिक आहे. मराठी वाङ्मयेतिहासात मध्ययुगाची मर्यादा आपण १८१८ पर्यंत नेतो. तीच येथे आम्ही धरली आहे.

प्रथम या स्त्रिया कोण, ते पाहू.

चौदाव्या शतकात विजयनगरच्या बुक्करायाचा पुत्र कुमार कंपण याने मदुरेच्या सुलतानीवर स्वारी करून विजय मिळवला. त्या मोहिमेवरचे ‘मधुराविजयम्’ हे संस्कृत महाकाव्य त्याच्या राणीने, गंगादेवीने, लिहिले. पतीच्या पराक्रमाचे गोडवे पत्नीने गावेत यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. त्याने ग्रंथारंभीचे पूर्वकवींचे वंदन वाचावे. कालिदास, बाण, भवभूती यांच्या पंक्तीत ही राणी तेलुगूच्या तिक्कनालाही पाट मांडते. संस्कृतात लिहिताना देशी भाषेच्या कवीला मान देण्याचे औदार्य त्या काळच्या किती पंडितांना सुचले असते? तिला सुचले, कारण ती वाचणारी होती आणि आपल्या वाचनावर तिचा विश्वास होता. या काव्याचे हस्तलिखित १९१६ मध्ये त्रिवेंद्रम येथे सापडले आणि १९२४ मध्ये ते छापले गेले.

पुढे सोळाव्या शतकात अच्युतदेवरायाच्या काळात तिरुमलांबेने ‘वरदांबिकापरिणयचंपू’ रचला. संस्कृतातील अतिदीर्घ समासाचे उदाहरण म्हणून या ग्रंथातील एक समास कौतुकाने सांगितला जातो. ग्रंथकर्त्रीची माहिती मात्र तो सांगणाऱ्यालाही नसते. चमत्कार लक्षात राहिला, बाई विसरली गेली.

विजयनगरचे वैभव ओसरल्यावर ती विद्या तंजावरच्या नायकांकडे गेली. रघुनाथ नायकाच्या (१६००–१६३४) दरबारात रामभद्रांबेने बारा सर्गांचे ‘रघुनाथाभ्युदय’ हे संस्कृत महाकाव्य लिहिले. त्यात त्या दरबारातील विदुषींचे वर्णन आहे. आठ भाषांत कविता करणाऱ्या, एकाच वेळी अनेक अवधाने सांभाळणाऱ्या स्त्रियांचे. त्याच दरबारातील मधुरवाणीने राजाची तेलुगू रामकथा संस्कृतात उतरवली. पुढचा राजा विजयराघव (१६३४–१६७३) याच्या काळी रंगाजम्माने ‘मन्नारुदासविलासमु’ लिहिले आणि तिच्यावर राजाने कनकाभिषेक केला, म्हणजे सुवर्णाचा वर्षाव करून तिला गौरवले. एका स्त्रीला कवी म्हणून, भर दरबारात, सोन्याने न्हाऊ घातले गेले. आपल्याकडे कवयित्रीला श्रीफळ देताना दोन भाषणे होतात, त्यांतले एक तिच्या यजमानांच्या सहकार्यावर असते.

म्हैसूरकडे वळावे तर चिक्कदेवराजाच्या (१६७३–१७०४) राजवाड्यात होन्नम्मा होती. विड्याची संची सांभाळणे हे तिचे काम, म्हणून ती ‘संचिय होन्नम्मा’. या सेविकेने कन्नडातील सांगत्य छंदात ‘हदिबदेय धर्म’ हा ग्रंथ लिहिला. विषय पतिव्रताधर्माचा, म्हणजे सनातनी वाचकानेही निःशंक मनाने हाती घ्यावा असा. पण त्याच ग्रंथात ती मुलीला कमी लेखणाऱ्यांना बजावते की जन्म देणारी बाईच, वाढवणारीही बाईच. मग बाई म्हणून तिला हिणवता कसे? बेळगावकर वाचकांना हा ग्रंथ मुळातून वाचणे अवघड नाही. सीमाप्रश्नावर आपण बोललो त्याच्या शतांशाने तरी होन्नम्मेवर बोललो असतो, तर कन्नड शेजाऱ्यांशी आपले एक वेगळे संभाषण सुरू झाले असते.

आणि हैदराबादेत अठराव्या शतकाच्या अखेरीस माहलका बाई ‘चंदा’ (१७६८–१८२४). निजामाच्या दरबारातील गायिका-नर्तकी, जहागीरदार आणि उर्दूतील पहिल्या दिवानकार स्त्रियांपैकी एक. तिच्या दिवानात १२५ गझला आहेत. १७९९ मध्ये तिने आपल्या दिवानाची प्रत कॅप्टन माल्कमला नृत्याच्या मैफलीतच भेट दिली, अशी नोंद त्या प्रतीवर आहे. हाच माल्कम पुढे १८१८ मध्ये होळकरांशी मंदसोरचा तह करायला बसला. त्या तहाचा इंदूरकरांच्या घरोघरी आजही उल्लेख होतो. त्याच माणसाच्या सामानात एका कवयित्रीचे पुस्तक होते, हे कोणी सांगत नाही. हैदराबादेत मौला अली टेकडीच्या पायथ्याशी तिची कबर आहे. तेथून हाकेच्या अंतरावर मराठी घरे आहेत.

या सगळ्या नावांची दखल का घेतली जात नाही? विचारले की चार उत्तरे मिळतात. चारही आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आहोत. त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिले उत्तर कर्तृत्वाबद्दलचे. ‘हे ग्रंथ त्या बायकांनी कशावरून लिहिले? पदरच्या पंडितांनी लिहून त्यांच्या नावावर घातले असतील.’ शंका घेण्याचा अधिकार संशोधकाला आहेच. पण शंकेलाही एकच माप असावे. कृष्णदेवरायाच्या ‘आमुक्तमाल्यदा’बद्दलही हीच शंका घेतली गेली, अल्लसानि पेद्दनाकडे बोट दाखवले गेले, तरी तेलुगूच्या इतिहासात तो ग्रंथ रायाच्या नावानेच मानाने नांदतो. तंजावरच्या भोसले राजांच्या नावावर जी नाटके आहेत, त्यांतली सर्व त्यांनी स्वहस्ते लिहिली याची शपथ कोण घेईल? तरीही ती त्यांचीच म्हणून आपण छापतो. पुरुष राजाच्या बाबतीत जी शंका तळटिपेत जाते, तीच स्त्रीच्या बाबतीत शीर्षकात येते. गंगादेवीने तर आपल्या गुरूचे, विश्वनाथाचे, नाव ग्रंथातच घेतले आहे. कोणाकडून शिकलो हे सांगणारी व्यक्ती दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपवत असेल, हा तर्क आम्हांस उफराटा वाटतो.

दुसरे उत्तर संतसाहित्याच्या आडून दिले जाते. ‘संतकवयित्रींनी देवासाठी लिहिले, दरबारी स्त्रियांनी राजासाठी. एक भक्ती, दुसरी भाटगिरी.’ हे ऐकायला फार शोभिवंत आहे. पण मग मोरोपंतांचे काय करायचे? बारामतीच्या बाबूजी नाइकांच्या आश्रयाने त्यांची आर्या बहरली. ‘शिवभारत’ लिहिणारा परमानंद शिवछत्रपतींच्या पदरी होता. बंगळूरला शहाजीराजांच्या दरबारात बारा भाषांचे कवी जमत होते हे जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’मुळे आपणांस कळले, १९२२ मध्ये राजवाड्यांनी तो ग्रंथ छापला आणि त्याला जी विस्तृत प्रस्तावना लिहिली ती आजही अभ्यासक वाचतात. जयरामाच्या राजस्तुतीत राजवाड्यांना इतिहास दिसला. मग रामभद्रांबेच्या राजस्तुतीत आपल्याला केवळ स्तुतीच का दिसावी? आश्रय घेतल्याने काव्य बाटत असेल तर संस्कृत वाङ्मयाचा निम्मा भाग गंगार्पण करावा लागेल. नसेल बाटत, तर स्त्रियांचेही बाटलेले नाही.

तिसरे उत्तर खरे उत्तर आहे. पहिली दोन त्याची पांघरुणे आहेत. ‘या स्त्रिया गणिका होत्या, आणि त्यांनी शृंगार लिहिला.’ येथे थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण या एका वाक्यापायी एक अख्खे पुस्तक अटकेत गेले होते.

तंजावरच्या प्रतापसिंह भोसले यांच्या (१७३९–१७६३) दरबारात मुद्दुपळनी ही कवयित्री होती. तिने तेलुगूत ‘राधिकासांत्वनमु’ हा चार भागांचा, ५८४ पद्यांचा प्रबंध लिहिला. कथा थोडक्यात अशी: राधेने इळा नावाच्या मुलीला लहानाचे मोठे केले, तिला नीट शिकवून-समजावून कृष्णाशी तिचे लग्न लावून दिले, आणि मग स्वतःच विरहाने आणि मत्सराने होरपळली, अखेर कृष्णाने येऊन तिचे सांत्वन केले. राधा-कृष्णाचा शृंगार भारतीय कवितेला नवा नाही. जयदेवाचे ‘गीतगोविंद’ मंदिरांतून गाइले जाते. मुद्दुपळनीने नवे केले ते एवढेच की हा शृंगार राधेच्या बाजूने मांडला. इच्छा तिची, पुढाकार तिचा, रुसवा तिचा, आणि तो घालवण्यासाठी खालमानेने यायचे ते कृष्णाने. वय उलटलेल्या स्त्रीला आपल्याच हाताने दुसरीचे लग्न लावून दिल्यावर काय वाटते, हा प्रश्न किती पुरुषकवींनी विचारला होता?

ग्रंथाच्या आरंभी ती आपली ओळख करून देते, आणि तीही आजी तंजनायकीचे नाव घेऊन, घराण्यातील विदुषींचा वारसा सांगून. आपली विद्वत्ता, आपल्याला मिळालेले मान, कवींनी आपल्याला अर्पण केलेली काव्ये, सगळे ती बिनसंकोच सांगते. पुरुषकवी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. याच मुद्दुपळनीने आंडाळच्या ‘तिरुप्पावै’चे तेलुगू रूपांतरही केले. म्हणजे भक्ती आणि शृंगार यांच्यामध्ये जी भिंत आपण उभारली, ती तिच्या घरात नव्हती.

एकोणिसाव्या शतकात तेलुगू नवजागरणाचे अग्रणी कंदुकूरि वीरेशलिंगम् यांनी कविचरित्रे लिहिली. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, स्त्रीशिक्षणाचे कैवारी. त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण मुद्दुपळनीबद्दल लिहिताना त्यांनी तिच्या कुळाचा उल्लेख तुच्छतेने केला आणि तिचे काव्य स्त्रीने उच्चारू नये, ऐकूही नये असा अभिप्राय दिला. १९१० मध्ये बंगळूर नागरत्नम्मा या विख्यात गायिकेने जुनी हस्तलिखित प्रत मिळवून ‘राधिकासांत्वनमु’ पुन्हा छापवून घेतले. तीही देवदासी परंपरेतली. प्रस्तावनेत तिने वीरेशलिंगम् यांना जो प्रश्न विचारला त्याचा आशय असा: लाज ही काय फक्त बायकांनाच सांगितली आहे? पुरुषांनी लिहिलेल्या, याहून उघड वर्णने असलेल्या ग्रंथांचे तुम्ही कौतुक करता, ते कसे?

या प्रश्नाचे उत्तर युक्तिवादाने दिले गेले नाही. ते पोलिसांकडून दिले गेले. १९११ मध्ये पुस्तक अश्लील ठरवून इंग्रज सरकारने प्रती जप्त केल्या. नागरत्नम्माने आणि विद्वानांनी केलेली विनवणी वाया गेली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ च्या सुमारास, टंगुटूरि प्रकाशम् यांच्या प्रयत्नाने बंदी उठली आणि १९५२ मध्ये नवी आवृत्ती निघाली. त्याच साली नागरत्नम्मा वारली. तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीवर मंदिर उभारणारी आणि स्त्रियांना तेथे गाण्याचा हक्क मिळवून देणारी बाईही तीच, हे संगीताच्या रसिकांना आठवत असेल. एका स्त्रीच्या कवितेसाठी दुसऱ्या स्त्रीने चाळीस वर्षे वाट पाहिली, असा हा हिशेब आहे.

आता या अश्लीलतेच्या आरोपाचे मराठी मनाला काय? ‘गाथासप्तशती’ हे आपले आद्य भूषण. सातवाहनांच्या पैठणचे, माहाराष्ट्री प्राकृतातले. १९५६ मध्ये स. आ. जोगळेकरांनी ते मराठीत केवढ्या साक्षेपाने आणले. त्यातील शृंगार काही सोज्वळ तुळशीवृंदावनातला नाही. शेतातली चोरटी भेट, परगावी गेलेल्या नवऱ्याची बायको, शेजाऱ्याची नजर, सगळे तेथे आहे, आणि आपण त्यास लोकजीवनाचा आरसा म्हणतो. टीकाकारांनी त्यातील काही गाथा रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा स्त्रियांच्या नावावर नोंदवल्या आहेत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पुढे पेशवाईतल्या लावण्या घ्या. रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ यांनी बाईच्या तोंडी जे जे घातले ते आपल्या विद्यापीठांनी पाठ्यक्रमात घातले. ते योग्यच झाले. पण मग नियम असा दिसतो की पुरुषाने बाईच्या आवाजात शृंगार गायला तर ती शाहिरी, आणि बाईने स्वतःच्या आवाजात गायला तर ती बदनामी. हा नियम कोणत्या साहित्यशास्त्रात लिहिला आहे, ते आम्हांस कोणी दाखवावे.

येथे कान्होपात्रेचे स्मरण करणे भाग आहे. मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची ती मुलगी. परंपरा सांगते की बिदरच्या बादशहाच्या दरबारात जाण्याचे नाकारून तिने पंढरीनाथाच्या पायांशी देह ठेवला. तिचे अभंग वाचताना आजही घशाशी आवंढा येतो. पण आपण तिला मानतो त्याचे एक कारण असेही आहे की तिने दरबार नाकारला. ज्यांना नाकारण्याची सोय नव्हती, ज्यांनी दरबारातच राहून शब्दांशी इमान राखले, त्यांच्यासाठी आपल्या मनात जागा नाही. गणिकेच्या मुलीने मरण पत्करले तर ती संत, जगून लिहिले तर ती त्याज्य, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

आमचे म्हणणे कोणी उलटे समजू नये. दरबार म्हणजे स्त्रीस्वातंत्र्याचे नंदनवन होते असे आम्ही म्हणत नाही. या विद्येची किंमत भारी होती. गणिकेच्या मुलीला अक्षर शिकायला मिळे ते तिला संसाराच्या चौकटीबाहेर ठेवून. राजाची मर्जी फिरली की सोने आणि अभिषेक दोन्ही संपत. जन्मावरून मुलीच्या कपाळी हा धंदा लिहिणारी प्रथा संपायलाच हवी होती, आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने देवाला मुली वाहण्याची प्रथा बंद केली ते उचितच झाले. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मध्ययुगात स्त्रीला लेखणीपर्यंत नेणारी दारे मुख्यत्वे दोन होती. एक देवाचे, दुसरे दरबाराचे. दोन्हींच्या मधले जे मोठे घर, म्हणजे तुमच्याआमच्या पणज्या-खापरपणज्यांचे, तेथे चूल होती, तुळस होती, ओव्या होत्या, पाटी-लेखणी नव्हती. घरंदाज स्त्रीला निरक्षर ठेवून जी प्रतिष्ठा मिळवली, तिच्याच जोरावर साक्षर स्त्रीला अप्रतिष्ठित ठरवले गेले. दरबारी कवयित्रींना विसरणे म्हणजे हा सौदा विसरणे. ज्यांना तो विसरलेला बरा वाटतो, त्यांनाच त्या कवयित्री नकोशा वाटतात.

सुधारणेच्या काळात घडलेली चूक नेमकी हीच. प्रथा मोडायची होती, तिच्यासोबत पुस्तकही मोडीत काढले. गोमंतकीयांना हे वेगळे सांगायला नको. कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यावर अवघ्या महाराष्ट्राचा जीव; त्यांच्या तानेला आपण ‘आमचे वैभव’ म्हणतो. बडोद्याचे उदाहरणही असेच. तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई १८८० मध्ये सयाजीराव महाराजांशी विवाह होऊन पहिल्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्यासोबत तंजावरचे नर्तक-नर्तकी बडोद्यास आले, आणि तंजोरकर हे नाव गुजरातच्या भरतनाट्याच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. त्या घराण्याचे नृत्य आपण सभागृहे भरून पाहतो. गळा आमचा, पाऊल आमचे. पण त्याच परंपरेची लेखणी मात्र आमची नाही. गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या स्त्रीचा गौरव करायचा, आणि लिहिणारीला दाराबाहेर ठेवायचे, याचा अर्थ एवढाच की तिची कला आपल्याला हवी आहे, तिचे म्हणणे नको आहे.

राहिले चौथे उत्तर. ‘असेल सगळे, पण ते तेलुगू, कन्नड, उर्दू, संस्कृत. मराठीचा त्याच्याशी संबंध काय?’ महाराष्ट्रात बसून कोणी हे म्हटले तर आम्ही समजू शकतो. बृहन्महाराष्ट्रातील माणसाने म्हणावे याचे आश्चर्य वाटते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरात भोसल्यांचे राज्य स्थापले ते १८५५ पर्यंत टिकले. तेथे कारभार मराठीत, मोडी लिपीत चाले. काव्य आणि नाट्य तेलुगूत, संस्कृतात, तमिळात आणि मराठीतही चाले. शहाजीराजांनी (१६८४–१७१२) मराठी नाटके लिहिली तसे ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ हे तेलुगू संगीतनाटकही लिहिले. बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पूर्वी मराठी नाटक होते हे सिद्ध करायचे झाले, की आपण लगबगीने तंजावरचा दाखला काढतो. तेव्हा तंजावर आपले असते. शिलालेखापाशी छायाचित्र काढताना तंजावर आपले असते. मुद्दुपळनीचे नाव निघाले की मात्र ते आंध्रांचे होते. वारसा म्हणजे काही भाजीची पाटी नव्हे, हवे ते निवडून घ्यायला.

मुद्दुपळनी मराठीची कवयित्री आहे असा दावा आम्ही करणार नाही. तो खोटा ठरेल आणि तेलुगूवर अन्यायही करील. आमचे म्हणणे असे की ती मराठ्यांच्या इतिहासाची कवयित्री आहे. तिच्या पानावरची शाई ज्या दौतीतून आली ती भोसल्यांच्या दरबारातली होती. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी परमुलखात गेलेल्या मराठी माणसाने तेथील भाषेशी नाते कसे जोडले, याचे उत्तर ज्या ग्रंथांत मिळते त्यांत हा ग्रंथ आहे. आणि तो प्रश्न आपल्या प्रत्येक घराचा आहे.

म्हणूनच या विषयाला आम्ही निव्वळ विद्वत्तेचा विषय समजत नाही. आपली जुनी घराणी दोन भाषांवर पाय रोवून उभी राहिली. हैदराबादेत आजोबा मराठी दैनंदिनी लिहीत आणि उर्दू शेर सांगत. बेळगावात आजीला कन्नड वचने पाठ असत. बडोद्यात हिशेब गुजरातीत आणि पत्रे मराठीत असत. ही पिढी आता झपाट्याने मावळत आहे. नातवंडांना शेजारची भाषा बोलता येते पण मराठी वाचता येत नाही, किंवा मराठी वाचता येते पण शेजारची लिपी येत नाही; दोन्हींमधला दुवा म्हणून इंग्रजी आहे. सुसी थारू आणि के. ललिता यांनी १९९१ आणि १९९३ मध्ये भारतीय स्त्रियांच्या लेखनाचे दोन इंग्रजी खंड संपादित केले. त्यांतूनच मुद्दुपळनीची हकीकत जगभर गेली. हे काम हैदराबादेत झाले. आपल्या शेजारच्या गल्लीतली कथा आपण इंग्रजीतून ऐकावी, आणि ती मुळातून वाचू शकणारी माणसे आपल्याच घराच्या ओसरीवर बसलेली असावीत, याहून मोठा विरोधाभास कोणता?

तेव्हा मागणी अगदी साधी आहे. हैदराबादच्या मंडळींनी मुद्दुपळनी आणि माहलका बाई यांच्या कवितेचे थेट तेलुगूतून आणि उर्दूतून मराठी अनुवाद हाती घ्यावेत. एका वर्षात वीस पद्ये झाली तरी चालतील. बेळगाव-निपाणीकरांनी होन्नम्मा घ्यावी. इंदूर-ग्वाल्हेरला संस्कृताचे जाणकार अजून आहेत. त्यांनी गंगादेवीचे सर्ग घ्यावेत. बडोद्याने तंजोरकरांच्या परंपरेतली पदे आणि त्यांची रूपे नोंदवून ठेवावीत. गोव्याने कलावंत घराण्यांतील स्त्रियांच्या वह्या, पत्रे, बंदिशींच्या चोपड्या जपून ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे. रद्दीवाला आपल्यापेक्षा तत्पर असतो. वार्षिक व्याख्यानमालेत ‘संतकवयित्री’ या विषयाच्या शेजारी ‘दरबारी कवयित्री’ हा विषय एकदा तरी छापील पत्रिकेवर यावा. आणि हे करताना शृंगाराची पद्ये गाळू नयेत. गाळलेली मुद्दुपळनी म्हणजे १९११ चीच जप्ती, फक्त खाकी गणवेशावाचून.

काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही. त्यांच्याविषयी आदर राखून आम्ही एवढेच विचारतो: ज्या स्त्रीने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच पानांवर आजीचे नाव अभिमानाने लिहिले, तिला आपण कोणत्या तोंडाने निर्लज्ज म्हणायचे? आपल्यापैकी किती घरांच्या वंशावळीत आजीचे नाव लिहिलेले आहे? देवघरातली वंशावळ काढून पाहावी. तेथे पुरुषांची दहा-दहा नावे ओळीने सापडतील, आणि त्यांना जन्म देणाऱ्यांच्या जागा कोऱ्या असतील. तंजावरच्या त्या गणिकेने ती जागा भरली होती. निदान तेवढ्यासाठी तरी तिचे पुस्तक आपल्या कपाटात असले पाहिजे, आणि दर्शनी फळीवर असले पाहिजे.